'पंचांचा निर्णय अंतिम राहील': पत्रकावरच्या एका ओळीचा इतिहास

गावच्या कबड्डी स्पर्धेचं कुठलंही पत्रक हातात घ्या. वर मंडळाचं नाव, खाली बक्षिसांची रक्कम, प्रवेश फी, मैदानाचा पत्ता, देणगीदारांची लांबलचक यादी. आणि सगळ्यात तळाशी, बारीक अक्षरात, 'नियम व अटी'. त्यात एक ओळ हमखास सापडते: पंचांचा निर्णय अंतिम राहील. आमच्या दिघोरीकडे, म्हणजे भंडारा जिल्ह्यात, धानाची कापणी उरकली की मंडई, दंडार, नाटकं यांच्या जोडीने कबड्डीचेही दिवस येतात आणि अशी पत्रकं पानठेल्यावर, एसटीच्या थांब्यावर चिकटलेली दिसू लागतात.

ती ओळ वाचून कोणी थांबत नाही. बक्षीस किती, एवढंच बघतात लोक. पण तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर तुम्ही थांबायला पाहिजे. पंचांचा निर्णय अंतिम असतोच, तर तो असतो हे छापावं का लागतं? सूर्य पूर्वेला उगवेल, असं पत्रकात कोणी छापत नाही. जे आपोआप पाळलं जात नाही, तेच छापावं लागतं.

आजचा लेख या एका ओळीबद्दल आहे. खेळाडू पंचावर दडपण आणतो, अंगावर धावून जातो, बोट नाचवतो, वेळ काढतो, समोरच्या संघाला डिवचतो. हे सगळं पंचाने कसं हाताळावं, यावर जगभर नियम आहेत. ते नियम इतिहासाची साधनं म्हणून कसे वाचायचे, ते मी इथे दाखवणार आहे.

आधी प्रश्न वळवून घ्या

'पंचाने दमदाटी कशी हाताळावी?' हा प्रशिक्षकाचा प्रश्न आहे. प्रश्न चांगला आहे, पण त्यावर इतिहासाचा प्रबंध उभा राहत नाही. कारण त्याचं उत्तर 'असं असं करावं' या रूपात येतं आणि तिथेच संपतं.

तोच प्रश्न थोडा वळवा. दमदाटी हा स्वतंत्र गुन्हा आहे, असं नियमपुस्तकाला पहिल्यांदा कधी वाटलं? त्याआधी ती काय समजली जात होती? तिच्यावर शिक्षा द्यायचा अधिकार मैदानावरच्या पंचाला मिळाला, की बाहेरच्या समितीला? हा अधिकार कोणी दिला, आणि का? आता तुमच्याकडे काळ आहे, बदल आहे, कर्ते आहेत आणि कागद शोधायला जागा आहे. 'कसं करावं'चं 'कसं होत गेलं' करणं, ही संशोधनाच्या प्रस्तावातली पहिली पायरी. गंमत म्हणजे 'कसं होत गेलं' नीट कळलं, की 'कसं करावं'चं उत्तरही पुष्कळदा हाती लागतं. लेखाच्या शेवटी ते बघू.

पंच हा शब्द मैदानात आला कुठून?

कबड्डीच्या मराठी नियमांत मैदानावरच्या अधिकाऱ्यांची नावं बघा. दोन पंच, एक सरपंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक. गुणलेखक हा शब्द घडवलेला आहे. पंच आणि सरपंच मात्र गावातून उचललेले आहेत. ज्याला इतर खेळांत रेफरी म्हणतात, त्याला आपण सरपंच म्हटलं. पाचामुखी परमेश्वर मानणाऱ्या समाजाने मैदानातल्या न्यायासाठीही तोच शब्द निवडला.

पण गावचा पंच आणि मैदानावरचा पंच यांची ताकद एका जागेहून येत नाही. मराठेशाहीतल्या गोतसभेचं उदाहरण घ्या. वतनाचा तंटा गोतापुढे आला, की दोन्ही पक्षांकडून निर्णय मान्य राहील असं आधीच लिहून घेत. त्या कागदाला राजीनामा म्हणत. आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं. तेव्हा त्याचा अर्थ राजीखुशीने दिलेली कबुली असा होता. शिवाय जामीन घेतला जाई. निकालाचा महजर होई. जिंकणाऱ्याकडून हरकी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी वसूल केली जाई.

आता पत्रकावरची आपली ओळ पुन्हा वाचा. प्रवेश फी भरताना संघ ती ओळ मान्य करतो. म्हणजे तोही एक राजीनामाच झाला. निर्णयाविरुद्ध लेखी हरकत घ्यायची तर आधी शुल्क भरायचं आणि हरकत फेटाळली गेली तर ते बुडणार, ही अनेक स्पर्धांतली पद्धत बघितली की गुन्हेगारीची आठवण येते.

इथे सावध राहा. या दोन गोष्टी सारख्या दिसतात म्हणून एकीतून दुसरी जन्मली, असं लिहू नका. साम्य दिसणं वेगळं आणि वंशावळ सिद्ध होणं वेगळं. साम्यातून एवढंच म्हणता येतं की निर्णय पाळला जाईल याची खात्री निर्णयानंतर मिळत नाही, ती आधी घ्यावी लागते, हे शहाणपण आपल्याकडे जुनं आहे. फरक मात्र मोठा आहे. गोतसभेतले लोक ओळखीचे असत आणि त्यांची ताकद त्या ओळखीत होती. मैदानावरच्या पंचाकडून आपण उलटं मागतो: त्याने कोणाचंच असू नये. ओळखीतून येणारा धाक काढून घेतला, तर त्याच्या हातात उरतं काय? उरतं फक्त नियमपुस्तक. म्हणून त्या पुस्तकात काय लिहिलंय, याला एवढं महत्त्व आहे.

दम आणि दमदाटी

महाराष्ट्रात हुतूतू म्हणून खेळला जाणारा खेळ वेगवेगळ्या तऱ्हांनी खेळला जाई. संजीवनीत बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होई, गामिनीत होत नसे, आणि अमरमध्ये बाद झालेला गडी मैदानातच राहून गुण मोजले जात. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत महाराष्ट्रात या तऱ्हांची सांगड घालून नियम बांधायला सुरुवात झाली. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याच्या अखिल भारतीय स्पर्धेने त्या नियमांना मोठं मैदान दिलं. विदर्भात १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली, त्यात कबड्डीही होती. १९५० साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ झाला आणि १९५२ साली मद्रासला पहिली राष्ट्रीय स्पर्धा. २०१४ साली प्रो कबड्डी आली.

हा झाला सनावळीचा इतिहास. तो कुठल्याही पुस्तकात मिळेल. तुम्ही दुसरं काही विचारा: या सगळ्या प्रवासात पंचाचं काम कसं बदललं?

गल्लीत खेळताना पंच लागत नाही. 'शिवलास', 'नाही शिवलो', 'देवाशप्पथ?' एवढ्यावर निकाल लागतो. खेळणारे रोज भेटणार असतात, खोटारडा लगेच ओळखू येतो. पण परगावचा संघ आला, बक्षीस लागलं, की शपथ चालत नाही. त्यात कबड्डी हा पंचासाठी फार अवघड खेळ. चढाईपटू सात जणांच्या घोळक्यात. बोटाचं टोक लागलं की नाही, पाय निदान रेषेच्या पलीकडे गेला की नाही, दम तुटला की नाही, हात मध्य रेषेला आधी पोचला की बचावपटूने आधी जखडलं, हे सगळं तीस सेकंदांच्या आत ठरवायचं. क्रिकेटमध्ये तासाभरात एखाद-दुसरं जोरदार अपील होतं. इथे जवळजवळ प्रत्येक चढाई हेच एक अपील असतं.

म्हणून कबड्डीच्या नियमांतली गैरवर्तनाची यादी वाचण्यासारखी आहे. पंचांच्या निर्णयाबाबत त्यांना सारखं बोलत राहणं. पंचांबद्दल अपमानकारक शेरे मारणं. त्यांच्या निर्णयावर परिणाम व्हावा अशी कृती करणं. निर्णय मिळवण्यासाठी पंचांकडे बोट दाखवणं. मग प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या गोष्टी: दम तोडण्यासाठी चढाईपटूचं तोंड दाबणं किंवा गळा आवळणं, इजा होईल अशी हिंसक पकड, पायाची कात्री घालणं. बाहेरून सूचना देणं आणि चढाईला मुद्दाम उशीर लावणं, हेही यादीत आहे.

या यादीचे तीन धडे आहेत.

पहिला: मनाई हा प्रथेचा पुरावा असतो. 'बोट दाखवू नये' असं लिहिलंय, म्हणजे बोटं दाखवली जात होती. पण किती वेळा, कुठे, कोणाकडून, हे ही ओळ सांगत नाही. एखादा नियम दुसऱ्या खेळाच्या पुस्तकातूनही उचललेला असू शकतो. म्हणून मनाईतून प्रथेकडे जाताना मधे दुसरा पुरावा लागतो: वर्तमानपत्रातली बातमी, तक्रारीचा अर्ज, मुलाखत.

दुसरा: यादीत देहाचे गुन्हे आणि शब्दाचे गुन्हे शेजारी शेजारी आहेत. तोंड दाबणं समोरच्या खेळाडूचा दम तोडतं. सतत बोलत राहणं पंचाचा दम तोडतं. मराठीत दम म्हणजे श्वास, आणि दम देणं म्हणजे धमकावणं. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ कबड्डीच्या मैदानावर समोरासमोर उभे राहतात.

तिसरा: शिक्षेची शिडी बघा. हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातूनच बाहेर. शिडीची मधली पायरी कशाला लागते, ते आता क्रिकेटमधून बघू.

बास्केटबॉल: माणसांचा पंच आणि चेंडूचा पंच

त्याआधी थोडं बास्केटबॉलबद्दल, कारण तिथे सुरुवातीचा कागद शाबूत आहे. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथे वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नाइस्मिथ यांनी तेरा नियम लिहिले. पुढे हा खेळ वायएमसीएच्याच वाटेने भारतात पसरला. हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासला सुरू केलेल्या शारीरिक शिक्षणाच्या शाळेचा त्यात वाटा आहे.

त्या तेरा नियमांत कामाची वाटणी मजेशीर आहे. अंपायर हा माणसांचा न्यायाधीश आणि रेफरी हा चेंडूचा. चेंडू कधी बाहेर गेला, कोणाचा झाला, गोल झाला का, हे एकाने बघायचं. कोणी कोणाला ढकललं, धरलं, पाडलं, मारलं, हे दुसऱ्याने. पहिली चूक म्हणजे फाउल. दुसरी केली की पुढचा गोल होईपर्यंत बाहेर. आणि इजा करायचा हेतू स्पष्ट असेल तर पूर्ण सामन्यासाठी बाहेर, बदली खेळाडूही मिळणार नाही.

म्हणजे बघा, वागणुकीवर नजर ठेवणं हे अगदी पहिल्या दिवसापासून एका माणसाचं पूर्णवेळ काम मानलं गेलं होतं. हेतू हा शब्दही तिथे आहे. पण बोलण्याबद्दल त्या तेरा नियमांत काही नाही. बहुतेक गुन्हे देहाचे आहेत.

आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांत टेक्निकल फाउलची यादी उघडा. ताकिदीकडे दुर्लक्ष करणं, अधिकाऱ्यांशी अनादराने वागणं, प्रेक्षक दुखावतील अशी भाषा किंवा हावभाव, प्रतिस्पर्ध्याला डिवचणं, त्याच्या डोळ्यांजवळ हात हलवून दृष्टी अडवणं, कोपर जोरात फिरवणं, मुद्दाम उशीर करणं, फाउल झाल्याचं सोंग करणं. यातल्या बहुतेकांत अंगाला अंग लागतच नाही. देहापासून शब्दाकडे, शब्दापासून हावभावाकडे आणि हावभावापासून सोंगाकडे असा नियमांचा प्रवास झाला. तो कोणत्या वर्षी, कोणत्या वादामुळे झाला, हे एकेका आवृत्तीची तुलना करून शोधता येतं. तुमच्यापैकी कोणाला छोटा पण घट्ट विषय हवा असेल, तर हा घ्या.

मुंबई १९४९: आरडाओरडा नसलेली दांडगाई

अखिलाडू वर्तन नेहमी ओरडून होत नाही. फेब्रुवारी १९४९ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर वेस्ट इंडिजविरुद्धची पाचवी कसोटी होती. भारताला जिंकायला ३६१ धावा हव्या होत्या. विजय हजारेंनी १२२ धावा केल्या, शेवटी कोल्हापूरचे दत्तू फडकर खेळपट्टीवर होते. पाहुण्या संघाने वेळ काढायला सुरुवात केली. घड्याळ पळत होतं. भारत ८ बाद ३५५ वर पोचला, सहा धावा राहिल्या, आणि षटकातला एक चेंडू व दीड मिनिट शिल्लक असताना पंच बापू जोशी यांनी बेल्स काढल्या. सामना अनिर्णित.

ही हकिगत बहुतेक वेळा पंचाची चूक म्हणून सांगितली जाते. तुम्ही ती दोन भागांत वाचा. वेळ काढणं हा एक भाग. त्यावर पंचाच्या हातात तेव्हा धड काही उपाय नव्हता. चुकलेली मोजणी हा दुसरा. दडपण फक्त धमकीतून येत नाही. सरकणारं घड्याळ, भरलेलं मैदान आणि हातात नसलेलं हत्यार यांचंही दडपण असतं, आणि त्या दडपणाखाली माणूस मोजणं चुकतो. एका माणसाच्या नावावर टाकलेल्या चुकीमागे व्यवस्थेची चूक आहे का, हे बघणं हे आपलं काम.

मेलबर्न १९८१: कर्णधारच निघाला तर?

१० फेब्रुवारी १९८१. ऑस्ट्रेलियाविरुद्धची तिसरी कसोटी. सलामीची जोडी सुनील गावस्कर आणि चेतन चौहान. एक मुंबईचा, दुसरा पुण्यात वाढून महाराष्ट्राकडून खेळलेला. दोघांनी १६५ धावांची सलामी दिली. गावस्कर ७० वर असताना डेनिस लिलीच्या चेंडूवर पंच रेक्स व्हाइटहेड यांनी त्यांना पायचीत दिलं. चेंडू आधी बॅटला लागला, असं गावस्करांचं म्हणणं. ते निघाले, आणि जाता जाता चौहानलाही सोबत घेऊन निघाले. सीमारेषेवर संघव्यवस्थापक विंग कमांडर शाहिद दुराणी यांनी चौहानला थांबवून परत पाठवलं. खेळ चालू राहिला. दुसऱ्या दिवशी १४३ धावांचा पाठलाग करताना ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ वर आटोपला. कपिल देवने पाच बळी घेतले, भारत ५९ धावांनी जिंकला आणि मालिका बरोबरीत सुटली.

आता नियमपुस्तक उघडा. १९८० च्या क्रिकेट नियमांत खेळाडूने पंचाच्या निर्णयावर टीका केली किंवा नाराजी दाखवली, तर काय करायचं ते लिहिलं होतं: पंचाने दुसऱ्या पंचाला आणि खेळाडूच्या कर्णधाराला सांगायचं आणि कर्णधाराला कारवाई करायची विनंती करायची. त्याच नियमांत दुसऱ्या टोकाला आणखी एक तरतूद होती: एखादा संघ खेळायलाच नकार देत असेल, तर पंच सामना प्रतिस्पर्ध्याला बहाल करू शकतात.

मेलबर्नला काय झालं ते या दोन नियमांच्या मधे ठेवून बघा. तक्रार कर्णधाराकडे करायची, तर कर्णधार स्वतःच निघालेला. आणि दुसरं टोक गाठायचं, तर कसोटीच संपते. मधली पायरीच नव्हती. सामना वाचला तो पंचामुळे नाही आणि नियमामुळेही नाही. सीमारेषेवर उभ्या असलेल्या एका व्यवस्थापकामुळे वाचला.

नियम असा का होता? कारण तो एका गृहीतकावर उभा होता: कर्णधार हा खेळाच्या अब्रूचा राखणदार असतो. हे गृहीतक नियमात लिहिलेलं नाही, ते तुम्हाला ओळींच्या मधून काढावं लागतं. नियम मोडला जातो, तेव्हाच त्याच्या पोटातलं गृहीतक बाहेर पडतं. म्हणून मोडलेल्या क्षणाचे कागद इतिहासकाराला मोलाचे.

पुढचा प्रवास या रिकाम्या पायरीचा आहे. १९८६ मध्ये लाहोरला पाकिस्तान–वेस्ट इंडिज कसोटीत भारताचे व्ही. के. रामस्वामी आणि मुंबईचे पिलू रिपोर्टर हे त्रयस्थ देशाचे पंच म्हणून उभे राहिले. यजमान संघाकडे झुकल्याचा आरोप पंचाने रोज खोडत बसण्यापेक्षा, तो आरोप करायची जागाच काढून टाकली. १९९१ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत आचारसंहिता आणि सामनाधिकारी आले. शिक्षा आता मैदानाबाहेरून मिळू लागली. आणि २०१७ च्या नियमांत मैदानावरच्या पंचांच्या हातात चार पायऱ्यांची शिडी आली. पंचाला भाषेने किंवा हावभावाने धमकावणं ही तिसरी पायरी, त्यासाठी काही षटकं बाहेर. पंचाला मारायची धमकी ही चौथी, त्यासाठी उरलेल्या सामन्यातून बाहेर. शिवाय पाच धावांचा दंड. १८९१ च्या बास्केटबॉलमध्ये जी मधली पायरी होती, ती क्रिकेटच्या नियमांत यायला २०१७ उजाडलं.

एक गोष्ट साधनांबद्दल. गावस्करांनी या प्रसंगाबद्दल नंतर खेद व्यक्त केला आहे. आणि पुढच्या काळातल्या मुलाखतींत त्यांनी रागाचं कारण पायचीतचा निर्णय नव्हे, तर जाताना ऑस्ट्रेलियन खेळाडूंकडून ऐकलेले शब्द, असं सांगितलं. धावफलकात मात्र एवढंच आहे: पायचीत, गोलंदाज लिली, ७०. यातलं खरं कोणतं, यावर भांडत बसू नका. प्रत्येक साधन कोणत्या वेळी, कोणासाठी तयार झालं ते लिहून ठेवा. निर्णयाचा राग ते समोरच्याच्या बोलण्याचा राग, असं कारणाचं सरकणं हाच तुमचा पुरावा आहे. पंचाशी भांडणं लाजिरवाणं आणि शिवी ऐकून उठणं समजण्यासारखं, ही क्रिकेटमधली बदललेली नीती त्यात दिसते का, हे तपासा.

'जी' आणि 'बे'

आता परत आपल्या मैदानावर या. झाडीपट्टीत पंचाला कोणी म्हणालं, 'काऊन जी, लाइन दिसली नाही का?' आणि दुसरा म्हणाला, 'काऊन बे, लाइन दिसली नाही का?' दोन वाक्यांत एका अक्षराचा फरक. पहिलं विनवणीच्या, फार तर कुरकुरीच्या घरात बसतं. दुसरं थेट अंगावर येतं. पण दोन मित्र एकमेकांना दिवसभर 'बे' म्हणतात आणि त्यात काही अपमान नसतो. आणि 'जी' सुद्धा असं ताणून म्हणता येतं की त्यात पुरेपूर हेटाळणी भरते. परजिल्ह्यातून आलेल्या पंचाला हे कळेल? आणि गावातल्याच पंचाला कळलं, तरी कार्ड काढायची हिंमत होईल?

नियमपुस्तक 'अपमानकारक भाषा' एवढं म्हणून थांबतं. अपमान कशात आहे, हे त्या त्या ठिकाणची बोली ठरवते. इथेच स्थानिक इतिहासाचं काम सुरू होतं.

आणि इथेच खरा पेच आहे. गावच्या स्पर्धेत पंच म्हणून उभा राहणारा माणूस पुष्कळदा शाळेतला क्रीडाशिक्षक किंवा जुना खेळाडू असतो. सामना संपल्यावर त्याला त्याच रस्त्याने घरी जायचं असतं. त्याला मिळणारं मानधन थोडं, आणि एका निर्णयावर लागलेलं बक्षीस मोठं. त्याच्यावर कोण ओरडू शकतं आणि कोण नाही? पंच कोणत्या जातीचा, कोणत्या गावचा, पुरुष की बाई, यावर खेळाडूच्या आवाजाची पट्टी बदलते का? नियमात सगळे पंच सारखे असतात. मैदानात असतात का? याचं उत्तर नियमपुस्तकात सापडणार नाही. ते निवृत्त पंचांच्या मुलाखतींतून, जिल्हा संघटनांच्या इतिवृत्तांतून, तक्रार अर्जांतून आणि स्थानिक वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांतून गोळा करावं लागेल. हे पंच आता म्हातारे होत आहेत. कागद वाळवी खाते आहे. हा विषय दहा वर्षांनी घेऊ म्हणाल, तर विषय राहील, साधनं राहणार नाहीत.

मग पंचाने करायचं काय?

सुरुवातीला म्हटलं होतं, की इतिहासातून उत्तरही निघतं. मला चार गोष्टी दिसतात.

एक, पहिली पायरी लवकर वापरावी. पाच वेळा दुर्लक्ष करून सहाव्या वेळी लाल कार्ड काढलं, तर ते शिक्षेसारखं न दिसता सुडासारखं दिसतं. शिडी असते ती एकेक पायरी चढायला.

दोन, कर्णधाराशी बोलावं, पण सगळं त्याच्यावर टाकू नये. मेलबर्नचा धडा तोच.

तीन, रागाचा भडका आणि निर्णय फिरवण्याचा डाव यांत फरक करावा. पकडीत सापडलेला चढाईपटू जमिनीवर हात आपटतो, तो स्वतःवर चिडलेला असतो. प्रत्येक चढाईनंतर पंचाकडे वळून बोट दाखवणारा पुढचा निर्णय विकत घेत असतो. नाइस्मिथ यांच्या नियमांत हेतू हा शब्द होता, तो उगीच नव्हता.

चार, हरकतीला सरळ वाट द्यावी. प्रो कबड्डीत रिव्ह्यू आला, क्रिकेटमध्ये हातांनी इंग्रजी टी करून निर्णय पुन्हा बघायला लावता येतो. विचार करा, पंचाला हाताने खूण करून 'तुमचं पुन्हा तपासा' म्हणणं हे कालपर्यंत गैरवर्तन होतं. आज ते नियमात बसवलं गेलं. वाट मिळाली की दमदाटी सगळी संपत नाही, पण 'दुसरा उपायच नव्हता' ही सबब संपते. गावच्या मैदानावर कॅमेरे नसतील, पण लेखी हरकतीचा साधा कागद आणि ती ऐकून घेणारी समिती ठेवता येते.

तुमच्या वहीसाठी

यातून प्रस्ताव करायचा असेल, तर 'भारतीय खेळांतील पंचांचा इतिहास' असलं नाव देऊ नका. त्यात आयुष्य जाईल. एक खेळ, एक प्रदेश, तीस-चाळीस वर्षं आणि एक साधनसमूह एवढंच घ्या. उदाहरणार्थ, १९५० नंतरच्या पूर्व विदर्भातल्या कबड्डी स्पर्धांची पत्रकं. पत्रकं कोणी जपत नाही, म्हणून ती कोणी वाचलेलीही नाहीत. पण मंडळाच्या जुन्या पेटीत, छापखान्याच्या नमुन्यांच्या गठ्ठ्यात, ढालींच्या कपाटात ती निघतात. मिळालेल्या प्रत्येक पत्रकावर चार नोंदी करा: बक्षिसाची रक्कम, पंचांची नावं छापली आहेत का, हरकतीचं शुल्क आहे का, आणि आपली ती ओळ आहे का. असेल तर कोणत्या वर्षापासून, आणि नेमक्या कोणत्या शब्दांत.

माझा अंदाज असा, की बक्षिसाचा आकडा जसा फुगत गेला, तशी ती ओळ कडक होत गेली असेल. 'पंचांचा निर्णय अंतिम राहील'ची 'पंचांशी हुज्जत घालणारा संघ बाद केला जाईल' झाली असेल. हा फक्त अंदाज आहे. तो खोटा ठरवायला शंभर पत्रकं पुरतील. पुढच्या वेळी पानठेल्यावर पत्रक दिसलं, तर बक्षीस वाचून झाल्यावर त्याचा एक फोटो काढून ठेवा आणि खाली तारीख लिहा. पहिलं साधन तुमच्या हातात आलं.